अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा मीही काही लिहावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गेल्या दोन स्मरणिकांत मी तिळाच्या पोळीची आणि आवळ्याच्या सुपारीची कृती देऊन सुटका करून घेतली होती. यंदाही तसेच काही द्यावे असे मनात होते. परंतु दिवाळीनंतरच्या सभेत आपल्या बालवाडीविषयी जो वाद झाला, तो मनातून जाईना. म्हणून कृती बाजूला ठेवून एका थोर बाईंची जीवनकथा सांगण्याचे धाडस करते आहे. चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी.

तो वाद सर्वांना ठाऊक आहेच. आपल्या बालवाडीत मुले नुसती गाणी म्हणतात, माती कालवतात आणि मणी ओवतात. तीन वर्षांच्या मुलाला अजून अक्षर येत नाही, पाढा येत नाही, अशी काही आयांची तक्रार होती. दोघींनी तर आपली मुले काढून फी घेणाऱ्या दुसऱ्या शाळेत घातली. बाईंनी मुलांना थोडा धाक दाखवावा, घरी अभ्यास द्यावा, असेही कोणी सुचवले. आपल्या बालवाडीच्या बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. खाली मान घालून बसल्या आणि सभा संपताच चहा न घेता निघून गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. घरी ताराबाई मोडक यांच्याविषयीचे एक पुस्तक होते, ते काढून पुन्हा वाचले. आपण ज्या गोष्टीवर भांडलो, त्याच गोष्टीसाठी या बाईंनी सारे आयुष्य वेचले होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे मोठे कार्यकर्ते होते आणि आई उमाबाई याही त्याच विचारांच्या होत्या. घर सुधारकाचे, त्यामुळे मुलीने शिकायचे की नाही हा प्रश्न त्या घरात नव्हता. बाहेर मात्र पुष्कळ घरांत मुलीची पाटी आठव्या-नवव्या वर्षीच फडताळात जाऊन पडत असे. अशा काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर बाई म्हणजे रस्त्याने चालली तर लोकांनी वळून पाहावे अशी गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. प्रभा नावाची मुलगी झाली. परंतु संसार सुखाचा झाला नाही, आणि १९२१ साली पतिपत्नी कायद्याने विभक्त झाली. आजसुद्धा अशा बाईकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हळदीकुंकवाला बोलवावे की नाही याचा कसा विचार करतो, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे. शंभर वर्षांपूर्वी काय झाले असेल, याची कल्पना करून पाहा. पदरी लहान मुलगी, पाठीशी नवरा नाही आणि लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. बाई खचून गेली असती तरी कोणी तिला दोष दिला नसता.

ताराबाई खचल्या नाहीत. त्या काठेवाडात राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारी ही संस्था. त्या जागेवर बसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मानाची जागा, चांगला पगार. एकट्या बाईला आणखी काय हवे? परंतु आईचे मन मुलीपाशी होते. प्रभाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांना पडला. त्या काळच्या शाळा आपल्या आजोबा-पणजोबांनी आपल्याला सांगितल्या आहेतच. हातावर छडी, कानाला पीळ, अंगठे धरून उभे राहणे आणि न समजता केलेली घोकंपट्टी. मूल शाळेत रडत जाई आणि घरी रडत येई. शिकवणाऱ्या मास्तरांचा तरी जीव त्यात रमत असेल का? तोही बिचारा तपासनिसाच्या भीतीने थरथरत असे, आणि वरची भीती खाली मुलांवर उतरवत असे.

अशा वेळी भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या कामाची माहिती ताराबाईंना झाली. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि याला शिकवावे कसे, याचा ते विचार करू लागले. तेव्हा डॉक्टर मारिया माँटेसरी या इटालियन बाईंची पुस्तके त्यांच्या वाचनात आली. माँटेसरीबाई स्वतः डॉक्टर. १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी पहिले बालगृह काढले. मूल जन्मतःच शिकण्यास उत्सुक असते, त्याला हाताने काम करू द्यावे, बक्षिसाची लालूच नको आणि शिक्षेचा धाकही नको, असे त्यांनी करून दाखवले. गिजुभाईंनी वकिली सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांची इतकी माया की लोक त्यांना मिशा असलेली आई म्हणत.

ताराबाई १९२३ साली राजकोटची प्राचार्यांची जागा सोडून भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली काम करण्यास गेल्या. पुस्तकात ही ओळ वाचली तेव्हा मी क्षणभर थांबले. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात! आपल्या घरातील मुलगी असे करती तर आपण तिला वेड्यात काढले असते. तीन-चार वर्षांच्या मुलांची नाके पुसण्यासाठी बी. ए. कशाला व्हायचे, असेच आपण म्हटले असते. परंतु ताराबाईंना कळून चुकले होते की घराचा पाया जसा जमिनीखाली असतो तसा माणसाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत असतो. तो कच्चा राहिला तर वरचे मजले कितीही रंगवले तरी व्यर्थ.

भावनगरला त्यांनी नऊ वर्षे काम केले. तेथील बालमंदिरात दिवस कसा जाई हे आपण समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या वादाचे उत्तर तेथेच आहे. मूल आले की प्रथम त्याची स्वच्छता पाहत. नखे, केस, डोळे, नाक. जे घाण असेल ते रागे न भरता साफ करत आणि हळूहळू मुलाला स्वतःला करायला शिकवत. मग मूल आपल्या मनाने काम निवडी. कोणी लहानमोठे ठोकळे रचून मनोरा करी, कोणी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवी, कोणी पाणी ओती, कोणी बटणे लावी, कोणी खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवी. गाणी, गोष्टी, नाटके, बागकाम, फिरणे हे सारे असे. पहिला नंबर नाही, शेवटचा नाही. मारणे तर नाहीच, परंतु दुसऱ्यादेखत लाज आणणेही नाही.

माँटेसरी पद्धतीत शांततेचा एक खेळ असतो. सर्व मुले डोळे मिटून अगदी स्तब्ध बसतात. हातपाय हलवायचे नाहीत, चटईचाही आवाज होऊ द्यायचा नाही. मग घड्याळाची टिकटिक, बाहेरच्या पाखराचा आवाज, आपला श्वास ऐकू येऊ लागतो. शेवटी बाई दुसऱ्या खोलीतून अगदी हळू, कुजबुजत्या आवाजात एकेका मुलाचे नाव घेतात आणि ते मूल पावलांचा आवाज न करता त्यांच्यापाशी जाते. गप्प बसा म्हणून ओरडून जी शांतता मिळत नाही ती या खेळातून मिळते, आणि ती भीतीची शांतता नसते. आता शाळांतून मन शांत ठेवण्याचे, श्वासाकडे लक्ष देण्याचे तास ठेवू लागले आहेत. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली आनंदाचा म्हणून एक तासच सुरू झाला. लोकांना ते नवे वाटते. आपल्या देशातील बालमंदिरांना मात्र ही गोष्ट शंभर वर्षांपासून परिचयाची आहे.

यात आणखी एक मर्म आहे, ते माझ्यासारखीला फार उशिरा कळले. हा खेळ घेणारी बाई स्वतः शांत असली पाहिजे. जिच्या मनात घाई, चिडचिड आणि भीती आहे ती मुलांना शांत करू शकत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टिकत नाही, तसे. म्हणून माँटेसरीबाईंनी शिक्षिकेच्या तयारीत पहिली गोष्ट सांगितली ती रागावर आणि अहंकारावर ताबा मिळवण्याची. ताराबाईंनीही पुढे जन्मभर जितके लक्ष मुलांकडे दिले, तितकेच शिक्षिका घडवण्याकडे दिले. नुसती साधने आणून उपयोग नाही, साधनांपाशी बसणारे माणूस तयार झाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. १९२६ साली गिजुभाईंबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तोही याच विचारांचा प्रसार व्हावा म्हणून. आईबाप आणि शिक्षक यांच्यासाठी शिक्षणपत्रिका निघू लागली. गुजराती भाषा ताराबाईंनी आपलीशी केली होती.

१९३२ साली त्या मुंबईस परत आल्या. मराठीत शिक्षणपत्रिका चालवून त्यांनी आयांशी आणि शिक्षकांशी बोलणे सुरू ठेवले. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, जेवायला का त्रास देते, त्याला शिस्त लावायची म्हणजे काय करायचे, असे आपल्याच घरातील प्रश्न त्यांनी हाती घेतले. १९३६ साली दादरला शिशुविहार ही संस्था सुरू झाली. तेथे बालमंदिर तर होतेच, शिवाय बालशिक्षिका तयार करण्याचेही काम होते. मुंबईतील सुशिक्षित कुटुंबांची मुले येऊ लागली. काम नावारूपास आले. गिजुभाई १९३९ साली वारले आणि संघाचा मोठा भार ताराबाईंवर पडला, तोही त्यांनी उचलला.

येथे एखादी बाई म्हणती की झाले, आता वय झाले, नाव झाले, उरलेले आयुष्य स्वस्थ घालवावे. परंतु ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. ही सारी सुखे शहरातील पैसेवाल्यांच्या मुलांना. माँटेसरीची साधने महाग, चकचकीत, सुताराकडून मापात करून घ्यावी लागणारी. खेड्यातील मुलाने काय करावे? ज्याच्या घरी अंगाला साबण नाही, त्याला गुलाबी मनोरा कोठून मिळणार?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ गेल्या. अनुताई मूळच्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत कपाळाचे कुंकू गेले. त्या रडत बसल्या नाहीत. शिकून शिक्षिका झाल्या, पुण्यात रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. एक नवऱ्यापासून विभक्त झालेली आणि एक बालविधवा. समाजाने ज्यांना शुभकार्यातून बाजूला बसवले असते अशा दोन बायांनी मिळून महाराष्ट्रातील हजारो मुलांचे मंगल केले. हे लिहिताना माझा हात थरथरतो.

बोर्डीला पहिल्यांदा अपेक्षेप्रमाणे घडले नाही. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. हरिजनवाड्यातील आणि आदिवासींची मुले दारापर्यंतही येत नसत. आया सकाळी कामावर जात. मुलाला आंघोळ घालून, कपडे करून, गावातून चालवत शाळेत आणून सोडायला वेळ कोणाला? शिवाय वरच्या जातीच्या वस्तीतून जायचे म्हणजे भीतीच. आपण असतो तर म्हटले असते, यांना शिकायचेच नाही, आपण काय करणार? कपाळाला हात लावून परत आलो असतो.

ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही, आयांनाही दिला नाही. दोष शाळेच्या जागेचा आहे असे त्यांनी मानले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे. त्या आणि अनुताई साधने घेऊन वाड्यात जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून, सारवून घ्यायचे. मुलांना गोळा करायचे. आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, नखे काढायची, खरूज-नायटा असेल तर औषध लावायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. आया कामे करता करता पाहत, आणि पाहता पाहता शिकत. हीच अंगणवाडी. आज गावोगाव ज्या नावाने सरकारी केंद्रे चालतात ते नाव त्या सारवलेल्या अंगणातून आले आहे. बालवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून घरोघर गेला.

साधनांचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला. महाग ठोकळ्यांऐवजी समुद्रावरचे शंखशिंपले, चिंचोके, बिया, गोटे, पाने, फुले, नारळाच्या करवंट्या. मोजायला शिंपले, रंग ओळखायला फुले, लहानमोठे लावायला गोटे. ज्याच्या घरी काही नाही त्याच्या दारातसुद्धा देवाने एवढे ठेवले आहे, ते पाहणारी दृष्टी हवी. आपणही डाळीचा डबा नाही मिळाला तर वाटीने माप घेतोच ना? तसेच हे.

त्या काही वर्षे मुंबई विधिमंडळाच्याही सदस्य होत्या. परंतु त्यांचे मन बोर्डीच्या अंगणातच होते.

१९५७ साली त्यांनी आणखी आत, कोसबाडच्या टेकडीवर काम नेले. वय पासष्ट. त्या वयात आपल्याकडे सुनेच्या हाती किल्ल्या देऊन बाई काशीची यात्रा ठरवते. कोसबाडच्या आजूबाजूला वारली लोकांचे पाडे. पिढ्यान्पिढ्या सावकार आणि जमीनदारांच्या वेठीत हे लोक भरडले गेले होते. १९४५ सालीच डहाणू-तलासरी भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा दिला होता. परका मनुष्य पाड्यावर आला की मुले रानात पळून जात. परक्याने भले केल्याचा अनुभवच नव्हता.

येथेही तोच प्रश्न: मुले शाळेत का येत नाहीत? उत्तर शोधताना त्यांना दोन गोष्टी दिसल्या. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते, कारण आई कामावर असते. ते खाली ठेवल्याशिवाय ती पाटी कशी धरणार? आणि मुलगा गुरे राखतो. गुरे सोडून तो शाळेत आला तर संध्याकाळी घरी मार खाणार.

पहिल्या अडचणीसाठी ताराबाईंनी विकासवाडी काढली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताई धाकट्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि आपण वर्गात जाऊन बसे. एकाला शिकवायचे तर तिघांची सोय लावली पाहिजे, हे एखाद्या संसारी बाईलाच सुचावे. दुसऱ्या अडचणीसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जायचे. झाडाखाली बसून गुरांवर नजर ठेवत मुलांनी शिकायचे. पानांनी मोजणी, पाखरांची ओळख, गाणी, अक्षरे. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग झाले.

पाहा बरे, मूल नापास झाले की आपण मुलाला बदलायला निघतो. ताराबाई जन्मभर शाळा बदलत राहिल्या. खोलीत नाही तर अंगणात, अंगणात नाही तर कुरणात, दिवसा नाही तर रात्री. मूल आहे तसे आणि आहे तेथे त्यांनी स्वीकारले.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. १९७३ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळले. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि देशभर अंगणवाड्या निघाल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर शाळेत मुलाला मारणे आणि मनाला लागेल असा छळ करणे यांस बंदी केली. भावनगरच्या बालमंदिराने जे १९२० साली आपखुशीने सोडले, ते सोडण्यास आपल्याला कायदा करावा लागला आणि नव्वद वर्षे लागली. रत्नाकर मतकरी यांनी ताराबाईंच्या जीवनावर ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले.

आता माझी एक गोष्ट सांगते आणि संपवते. सांगायला लाज वाटते, परंतु सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल. माझा थोरला तीन वर्षांचा असताना मी त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेत असे. हातात फूटपट्टी असे. शेजारणीच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे येतात, मग माझ्याला का नको, हा एकच ध्यास. त्याने अक्षरे गिरवली. पाहुण्यांपुढे म्हणून दाखवली. मी मिरवले. परंतु बंद झालेले अंथरूण ओले करणे त्याने पुन्हा सुरू केले, आणि पाटी दिसली की त्याची जीभ अडखळू लागली. डॉक्टर झाले, देवऋषी झाला. शेवटी एका बालवाडीच्या बाईंनी मला इतकेच विचारले की घरी याला कशाची भीती वाटते. मी घरी येऊन फूटपट्टी चुलीत घातली. मूल सुधारायला वर्ष लागले. आज तो चांगला कमावता आहे, पण अजून कोणापुढे चार शब्द बोलायचे झाले की त्याचा घसा कोरडा पडतो. ते माझे काम. त्या दिवशी सभेत ज्या आयांनी धाकाची मागणी केली, त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही. मी त्यांच्याच जागी होते.

म्हणून माझ्या भगिनींना दोन गोष्टींची विनंती आहे.

पहिली मुलांसाठी. आपल्या बालवाडीत मणी ओवणारे मूल रिकामे बसलेले नसते. त्याची बोटे पेन्सिल धरण्यास तयार होत असतात. माती कालवणारे, पाणी ओतणारे मूल मोजमाप शिकत असते. गाणे म्हणणारे मूल भाषा शिकत असते. पोळी फुगण्याआधी कणीक मळून झाकून ठेवावी लागते. कणीक मुरण्याआधी लाटली तर पोळी वातड होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. थोडा धीर धरूया.

दुसरी बाईंसाठी, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या बाई एकट्याने तीस मुले सांभाळतात. त्याच झाडतात, त्याच भरवतात, त्याच रडणाऱ्याला कडेवर घेतात. सकाळपासून त्यांना घोटभर चहा घ्यायला उसंत नसते. आणि वर्षाच्या शेवटी आपण त्यांना भर सभेत जाब विचारतो. बाईंच्या मनाला शांतता नसेल तर मुलांना ती कोठून मिळेल? ताराबाईंना अनुताई मिळाल्या, दोघी होत्या म्हणून काम तरले. आपल्या बाईंना आपण मिळायला हवे. मंडळात आपण चाळीसजणी आहोत. रोज एकीने फक्त एक तास बालवाडीत जावे, गोष्ट सांगावी, मुलांचे केस विंचरावे, आणि तेवढा वेळ बाईंनी स्वस्थ बसून चहा घ्यावा. महिना-दीड महिन्यातून एकदा एकीची पाळी येईल. त्यासाठी पदवी नको, पैसे नकोत, माझ्यासारखीचे सातवीपर्यंतचे शिक्षणही पुरे आहे.

पहिल्या सोमवारची पाळी मी घेतली आहे. त्या दिवशी सभेत मान खाली घालून बसलेल्या बाईंची मी घरी जाऊन क्षमाही मागितली आहे. नावे लिहिण्याची वही बालवाडीच्या दाराशी ठेवली आहे. वर्धापनदिनाला साऱ्याजणी येणारच आहात. येताना त्या वहीत आपले नाव लिहून पुढे यावे, हीच माझी पदर पसरून विनंती.